ऐकू जातंय का सांग

शालनअक्काला बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी ही बाई उभी तरी असायची, नाहीतर चालत तरी. जेवायची उभ्यानं, चहा प्यायची फेऱ्या मारत, आणि यशवंतपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये खास तिच्यासाठी आणलेल्या फिरत्या खुर्चीवर तिची पर्स बसायची. "अक्का, बस न बाप्पा जराशी, तुला बघूनच माझे पाय दुखून राहिले," असं मी रोज म्हणायची. "बसते की, स्वल्प थांब," असं ती रोज म्हणायची, आणि तेवढ्यात शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलीही असायची.

आमचं वर्कशॉप होतं बोटींवरच्या रेडिओंचं. आता बंगळुरात बोटींचं काय काम, हे मला विचारू नका. मी नागपूरची, पहिल्या दिवशी मीसुद्धा हेच विचारलं होतं. समुद्र कुठे घाटाखाली, आणि त्याच्यावर चालणाऱ्या होड्यांचे रेडिओ इथे लोखंडाच्या वखारीशेजारी, कांद्याच्या ट्रकांच्या भोंग्यात दुरुस्त होतात! पण मालक इथला, यंत्रं इथली, म्हणून धंदाही इथेच. कारवार, मालपे, मालवण, कुठून कुठून सेट बसच्या पार्सलनं यायचे. कागदावर त्याचं नाव व्हीएचएफ सेट. मच्छीमार आपला सरळ 'वायरलेस' म्हणतात. किनारा सोडून जरा आत गेलं की मोबाईल मुका होतो. मग बोटीला बोटीशी बोलायला, संकटात हाक मारायला हाच एक आधार. माइकचं बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला कुणाचं काहीही ऐकू येत नाही.

महादेवपुऱ्यातल्या मोठ्या काचेच्या इमारतीतल्या कंपनीला कंटाळून मी इथे आले होते. माझं काम पार्सलं उघडणं आणि फोन घेणं. म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात मी फोन उचलून "हॅलो" म्हणेपर्यंत अक्का तो माझ्या हातातून काढून घ्यायची.

अक्का बेळगावकडची. पन्नाशीची, उंच, सडसडीत, साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या आणि पायात स्पोर्ट्स शूज. बेळगावच्या आयटीआयमध्ये तिच्या वर्गात ती एकटी मुलगी होती, आणि ते सांगताना तिचा आवाज अजूनही चढायचा. हाताला स्वस्थता म्हणून नाही. मल्लेश्वरमला माझ्या खोलीवर एकदा जेवायला आली, तर वरण गॅसवरून उतरेपर्यंत तिनं माझ्या पंख्याचा रेग्युलेटर खोलून ठेवला होता. पंखा चांगला चालत होता हो! "आवाज करालाय," म्हणाली. तिला ऐकू येत होता, मला नाही. त्या दिवसापासून मात्र मलाही ऐकू येतो.

तिचं एक पालुपद होतं. कुणी फोनवर म्हणालं, की अक्का, सेट एकदम बेस्ट, सगळ्यांचं खणखणीत ऐकू येतंय, की ही उसळायची. "ऐकू येतंय ते सोड! ऐकू जातंय का सांग!" दिवसातून अनेकदा मी हे ऐकायची. समोरचा बिचारा गोंधळायचा. तेव्हा ती समजावायची, की बाबा, दुसऱ्याचं ऐकायला काही लागत नाही, फुटका सेटसुद्धा ऐकतो. आपला आवाज पलीकडे पोचतो का, ते पलीकडच्याला विचारल्याशिवाय कळत नाही. विचार जा शेजारच्या बोटीला, आणि मग मला फोन कर.

दुसरा तिचा राग होता पार्सलांवर. बोटीवर रेडिओ बिघडला की लोक काय करतात, चार स्क्रू काढतात, सेट उपटतात आणि पाठवून देतात. इथे टेबलावर लावला की तो ठणठणीत! कारण बिघाड सेटमध्ये नसतोच. तो असतो खाऱ्या हवेनं खाल्लेल्या केबलमध्ये, जॉइंटमध्ये, बॅटरीच्या वायरमध्ये. आणि ते सगळं तिकडे बोटीवरच राहिलेलं असतं. "आजारी माणूस घरी ठेवलाय आणि त्याची चप्पल दवाखान्यात पाठवलीय," असं म्हणत अक्का तो सेट पुन्हा खोक्यात घालायची आणि फोनवरून बोट तपासायला बसायची. म्हणजे उभी राहायची. डोळे मिटून, शेडभर फिरत, समोर बोट असल्यासारखे हात हलवत. "आता डावीकडं वाक. बॅटरी दिसली? हिरवं काय दिसालंय का? खरवड ते. हळू की रे, जावयाची दाढी करालायस काय?"

मालपेकडच्या एका बंदरातली गोष्ट तर मी नागपूरला घरी सगळ्यांना सांगितली आहे. सकाळपासून तिथल्या बोटींचे फोन सुरू झाले, की चॅनल सोळा बंद पडलाय. हा संकटाच्या हाकेचा चॅनल, तो बंद म्हणजे सगळ्यांच्या जिवाला घोर. आणि त्यावर ऐकू काय येत होतं? एक माणूस आपल्या सासूबद्दल बोलत होता. मधेच भांडी आपटत होता, मधेच गात होता. कुठल्या तरी बोटीवर माइकचं बटण अडकलं होतं, त्या बोटीचा संसार अख्ख्या बंदराला ऐकू जात होता, आणि इतर कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती. पण बोट कुठली, हे कळेना. सगळे एकमेकांवर ओरडत होते.

अक्का दोन फेऱ्या मारून थांबली. "आतापर्यंत कुणाकुणाचे फोन आले?" मी नावं सांगितली. तिनं बंदरातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. "ज्यानं तक्रार केली नाही, तो शोध. त्याला काही ऐकूच येत नसणार. त्याला वाटत असेल, आज काय शांतता आहे!" आणि खरंच, धक्क्यापासून जवळच एक बोट निवांत डुलत होती आणि तिच्यावर माइक तांदळाच्या पोत्याखाली दबला होता. त्या माणसाची सासू त्याच धक्क्यावर मासळी विकायला बसायची म्हणे. अक्का हसून हसून भिंतीला टेकली. टेकली, बसली नाही.

आता एक सांगते, ते ऐकून तुम्ही म्हणाल, काहीही. या अक्कानं जन्मात बोटीवर पाय ठेवला नव्हता. बोटीचा कोपरान् कोपरा डोळे मिटून सांगणारी बाई पाण्याला अशी घाबरायची, की सँकी तलावाच्या काठानं चालतानासुद्धा मला पाण्याच्या बाजूला ठेवायची. वर घाटातल्या वळणांनी तिला उलट्या व्हायच्या. "समुद्र तिथं, मी हितं. आमचं बरं चाललंय," हे तिचं ठरलेलं उत्तर होतं.

पण समुद्रावर तिचा जीव अडकला होता. तिचा धाकटा भाऊ, सदा. आई लवकर गेली, अक्कानंच त्याला वाढवलेला. इंजिनाचं काम शिकायला तो कारवारला गेला, तिथल्याच मच्छीमाराच्या मुलीशी, कलाशी, लग्न केलं आणि छोटी बोट घेतली. बोटीचं नाव ठेवलं 'शालन'. अक्का चारचौघांत त्यावर करवादायची. "जिवंत माणसाचं नाव काय ठेवायचं बोटीला! उद्या कुणी म्हणेल, शालन गळालीय." पण बोटीचा फोटो तिच्या मोबाईलच्या पडद्यावर होता. बोट मात्र तिनं कधी पाहिली नव्हती.

गेल्या हंगामात त्या बोटीचं इंजिन समुद्रात बंद पडलं. सदानं माइक उचलला. वायरलेसवर त्याला सगळं ऐकू येत होतं: जवळच्या बोटी जाळ्यांबद्दल बोलत होत्या, कुणी कुणाची थट्टा करत होतं. तो हाका मारत होता, मी शालन, मी शालन, मी शालन. कुणालाच ऐकू जात नव्हतं. दिवसभर बोट वाहत गेली. शेवटी संध्याकाळच्या उजेडात एका ट्रॉलरला ती नुसती नजरेला पडली म्हणून वाचले सगळे.

सदानं हे अक्काला सांगितलंच नाही. काही दिवसांनी कलाच्या तोंडून निघून गेलं. फोन ठेवल्यावर अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "दिवसभर माझं नाव घेऊन ओरडत होता गे तो." त्यानंतर मात्र ती चालायची ती पळायलाच लागली.

तिनं सदाचा सेट मागवला. टेबलावर लावला, तर ठणठणीत. मीटरचा काटा जिथे जायला हवा तिथे जात होता. म्हणजे बिघाड बोटीवरच. "अँटेनाची केबल. खारं पाणी शिरलंय," तिनं जाहीर केलं आणि सेटबरोबर नवी केबल पाठवली. सदानं ती लावली. तरी शेजारच्या बोटीला आवाज जाईना. सेट परत आला, परत ठणठणीत निघाला, परत गेला. एरवी ज्या चप्पल-दवाखान्यावर ती लोकांना झापायची, तोच खेळ तिच्या घरात चालू झाला. मग रोज दुपारी बहीणभावांचं फोनवर जुंपायचं. मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या, कारण अक्काला फोन स्पीकरवर लागायचा; हात मोकळे हवेत ना!

"जॉइंट नीट बसवला नाहीस तू."

"बसवलाय अक्का. अगं पण बटण दाबलं की तो..."

"बटणाचं राहू दे. जॉइंट उघड. आत हिरवं आहे का बघ."

"नाही हिरवं. तू जरा ऐकून तरी..."

"मग केबल कुठं तरी दाबली गेलीय. डोलकाठीपासून बघत ये. लहानपणापासून असाच तू, अर्धं काम करायचं आणि..."

तिथून गाडी त्याच्या शाळेपर्यंत जायची. फोन ठेवल्यावर ही मला म्हणायची, "ऐकतच नाही माझं!" मी काय बोलणार? एकदा बोलले, की अक्का, तो काहीतरी सांगून राहिला होता, तू मधेच तोडलंस. तर म्हणे, "काय सांगणार? मी सांगते त्याला, मी!"

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला आली. या दिवसांत आमच्याकडे पार्सलांचा डोंगर असतो, कारण सगळ्यांनाच बोटी समुद्रात लोटायच्या असतात आणि सगळ्यांना वायरलेस शेवटच्या आठवड्यातच आठवतो. अक्का सकाळपासून ओरडून ओरडून फोनवर बोटी दुरुस्त करत होती. आणि एका सकाळी ती आली, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली.

मल्लेश्वरमच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी घशात बघितलं आणि कानडीत दम भरला: आठवडाभर एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. अक्का त्यांच्याशी वाद घालायला लागली, खुणांनी. परत चालत येताना वाटेत पत्ता विचारणाऱ्या रिक्षावाल्यालाही तिनं खुणांनीच रस्ता शिकवला. मी मनात म्हटलं, देवा, हा आठवडा निघू दे.

त्याच दुपारी सदाचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"अक्का, परवा सकाळी निघतोय. सगळ्याच बोटी निघाल्यात. वायरलेसचं बघू पुढं."

अक्का टेबलाशी उभी होती. तोंड उघडलं, मिटलं, मुठी आवळल्या. मी म्हटलं, "दादा, अक्काचा घसा पार बसलाय. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. पण ती ऐकून राहिली आहे, तुम्ही बोला."

मग तो म्हणाला, "खरंच ऐकतेय?"

"समोरच उभी आहे."

अक्कानं मार्कर उचलून रिकाम्या खोक्यावर भलं मोठं 'जॉइंट?' लिहिलं आणि माझ्यासमोर नाचवलं. मी काही वाचून दाखवलं नाही. राग आला होता मला. म्हटलं, बोलू दे त्याला.

"अक्का, जॉइंट चांगला आहे," सदा बोलायला लागला. आधी हळू, घाबरत, कुठल्याही क्षणी कुणीतरी तोडेल अशा धास्तीनं. "मी वर्षभर एकच सांगायला बघतोय. ऐकताना सेटचा दिवा लख्ख असतो. बोलायचं बटण दाबलं की दिवा मंद होतो. कधी विझतोच. बटण सोडलं की परत लख्ख. एवढंच सांगायचं होतं. पण तुझं बटणच सुटत नाही गे."

अक्काचा हात खोक्यासकट खाली आला.

"त्या दिवशी पाण्यात असताना," तो म्हणाला, "सगळ्यांचं ऐकू येत होतं आणि माझं कुणाला जात नव्हतं. मी ओरडतोय, आणि ते आपले आपल्या नादात. तेव्हा मनात आलं, अरे, हे तर अक्काशी फोनवर बोलल्यासारखंच झालं."

त्यानं ते चिडून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ऐकवेना. मी अक्काकडे बघायची हिंमत केली. ती हलत नव्हती. शेडमध्ये पंखा चालू होता, बाहेर ट्रक भोंगे मारत होते, आणि शालनअक्का एका जागी खिळून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

मग तिनं खोकं उलटं केलं आणि लिहिलं: 'बॅटरीची मायनस वायर.' या वेळी मी वाचून दाखवलं.

मला तोवर एवढं कळायला लागलं होतं. ऐकायला सेटला चिमूटभर करंट पुरतो. बोलायला मूठभर लागतो. कुजलेली वायर चिमूटभर देते, मूठभर मागितला की मान टाकते. आमच्या टेबलावर वायर चांगली, म्हणून सेट चांगला. 'बटण दाबल्यावर दिव्याचं काय होतं' हा अक्काचा प्रत्येक अनोळखी मच्छीमाराला पहिला प्रश्न असायचा. फक्त सख्ख्या भावाला तिनं तो कधी विचारला नव्हता. त्याच्या बाबतीत तिला सगळं आधीच माहीत होतं ना!

सदा म्हणाला, वायर बदलतो मी. अक्कानं मान हलवली, जशी काही ती त्याला दिसणार होती. आणि खोक्याच्या उरलेल्या बाजूवर लिहिलं: 'मी येते.'

"कुठे येते?" मी ओरडले. "अगं बाई, घाट आहे! पाणी आहे!" तिनं मला हातानंच 'बरं, बरं' केलं आणि कपाटातून जाड वायरचं वेटोळं काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतपूर स्टेशनवर मी तिला कारवारच्या गाडीत बसवून दिलं, असं आपलं म्हणायचं. खिडकीची जागा मिळाली होती, तिच्यावर पर्स ठेवून ती दारात उभी राहिली. मी लिंबं दिली, पिशव्या दिल्या, आणि दहादा बजावलं, की अक्का, बोलायचं नाही. गाडी सुटली तरी ती हातानं मला काहीतरी सांगतच होती. मला वाटतं, पंख्याचा रेग्युलेटर बदल, असं असावं.

ती परत आली ती फक्त सामान न्यायला, आणि तेव्हा मी नेमकी नागपूरला होते. आता ती कारवारला बंदराजवळच काम करते, बोटींवर चढून, आणि तिची खुर्ची आमच्याकडे रिकामी फिरते. त्यामुळे मी तिला शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या दिवशी सकाळी, कलाच्या व्हिडिओ कॉलवर.

कला हसतही होती आणि रडतही. सांगत होती, की घाटभर अक्काला उलट्या झाल्या. उजाडताच बोटीवर चढताना डोळे घट्ट मिटून, दोन खलाशांचे दंड धरून, शेवटी चक्क रांगत गेली. पण बॅटरीपाशी पोचल्यावर डोळे उघडले आणि मग कुणाला हात लावू दिला नाही. मायनसची वायर वरून नवी दिसत होती. सोलली तर आत काळी भुकटी. नवी घातली, बटण दाबलं, दिवा लख्ख राहिला. "पण वन्संना पटेना," कला म्हणाली. "हातानं सांगतायत, बोट बाहेर ने, आणि तिथून बोल. इतर बोटी गेल्या पुढं, आमची थांबलीय यासाठी."

तिनं फोन वळवला. धक्क्यावर अक्का उभी होती, हातात छोटा वायरलेस, साडी ग्रीसनं माखलेली. लांब पाण्यावर एक ठिपका. वारा इतका, की मला वाटलं काही ऐकू येणार नाही. अक्का एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

आणि खरखरीतून सदाचा आवाज आला, अगदी स्वच्छ, मला इथे यशवंतपुरातसुद्धा शब्द न् शब्द कळला. "अक्का, अक्का, अक्का. शालन बोलतेय. ऐकू जातंय का सांग."

अक्कानं बटण दाबलं. डॉक्टरांचा दम मला आठवला, पण मी काय करणार होते? फाटक्या, ओळखू न येणाऱ्या आवाजात तिनं एकच शब्द काढला.

"जातंय."

मी वाट बघत होते. आता जॉइंट येईल, आता फ्यूज, आता त्याची शाळा. मला तिचा अंगठा दिसत होता. तिनं तो बटणावरून उचलला.

पलीकडून सदा बोलायला लागला. लाटा कशा आहेत, इंजिन कसं चाललंय, पोराला या वर्षी शाळेत कुठे घातलंय, बोटीला रंग कुठला लावायचा होता आणि कुठला मिळाला. मधे तो थांबायचा, तिला बोलायला जागा द्यायला, आणि ती काही बोलत नाही म्हटल्यावर पुढे सुरू व्हायचा. अक्कानं मागे हात करून मासळीचा एक रिकामा क्रेट चाचपला, ओढला, आणि त्यावर बसली. वायरलेस कानाशी धरून, मांडीवर कोपर टेकून.

फोन धरून हात दुखला म्हणून कलानं शेवटी कॉल बंद केला, तेव्हाही ती बसलेलीच होती.